तोलून धरलेली गाडी

भास्करभाऊ लांजेवार गेल्याची बातमी नागपूरहून आली, तेव्हा इथे बालाघाटला आमच्या कॉलनीतल्या गणपतीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बोलायला उठलेल्या बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली. भास्करभाऊ रेल्वे फाटकाच्या चढावर ब्रेकला पाय न लावता गाडी कशी उभी करत, ती. प्रत्येकाने ती थोडी वाढवून सांगितली. एकाच्या गोष्टीत भास्करभाऊ तेवढ्यात चहा पीत होते, दुसऱ्याच्या गोष्टीत पेपर वाचत होते. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. शेवटी दोन मिनिटं उभं राहून सगळे घरी गेले.

मी बोललो नाही. मला माहीत असलेली गोष्ट हार घातलेल्या फोटोसमोर सांगावी अशी नाही. पण ती सांगितल्याशिवाय भास्करभाऊंचं चित्र पुरं होत नाही. त्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे, तेही लिहीन. दोन्ही लिहीन.

भास्करभाऊ गाडी चालवत नसत, तोलून धरत. हा शब्द त्यांचाच. जंगलखात्यात ते लाकडाच्या डेपोवर बाबू होते आणि साहेबांच्या जीपवर गाडी शिकले होते. त्या जीपचा हँडब्रेक कधीचा निकामी झालेला, साधा ब्रेकही बेभरवशाचा. जंगलातल्या चढावर थांबायची वेळ आली की क्लच अर्धा सोडायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि गाडी तशीच धरून ठेवायची. तिथे दुसरा इलाज नव्हता. शिवाय सरकारी जीपचा क्लच सरकार बदलत असे. पुढे त्यांनी स्वतःची गाडी घेतली. तिचा ब्रेक चांगला होता, हँडब्रेक चांगला होता. सवय मात्र जीपचीच राहिली, आणि हळूहळू त्या सवयीचा त्यांना अभिमान वाटू लागला.

ठेंगणे, गोरे, तेल लावून मागे वळवलेले केस, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पिवळं फडकं. किल्ल्यांचा जुडगा कमरेच्या पट्ट्याला. रविवारी सकाळी ते बादली घेऊन गाडी धूत आणि पायपोस कुंपणाच्या भिंतीवर वाळत घालत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून एखादी बारीक गोष्ट दाखवत, टायरमधला खडा नाही तर काचेवरचा ओरखडा. बाहेर सगळ्यांशी हिंदी, घरात मराठी, आणि मन खुललं की अस्सल आपली बोली. त्यांचं मला नेहमी ऐकवलेलं एक वाक्य कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं. "ब्रेक म्हंजे हार, मुकुंदा. गाडी पायात असली पायजे."

फाटक बंद असलं की त्यांना आनंद होई. मालगाडी मॅंगनीज भरून सावकाश जायची, दोन्हीकडे वाहनांची रांग लागायची. बाकीचे लोक चढाच्या खाली सपाटीवर थांबत. भास्करभाऊ मुद्दाम गाडी चढाच्या मध्यावर नेत, दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढत आणि खिशातला अडकित्ता काढून सुपारी कातरत बसत. गाडी जागच्या जागी थरथरत राही, पुढेही नाही आणि मागेही नाही. शेजारच्या स्कूटरवाल्याने पाहिलं की ते काच खाली करून त्याला म्हणत, "पाहून घे. ब्रेकवर पाय नाई."

थोड्या वेळाने गाडीत जळका वास येई. कोणी नाक मुरडलं तर ते रेल्वेकडे बोट दाखवत.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. इंजिन फिरत असतं आणि चाकांना ती ताकद पोचवायची असते. मध्ये एक चकती असते, तिला मिस्त्री लोक प्लेट म्हणतात. पायाखालचं पेडल पूर्ण दाबलं की प्लेट सुटी होते, पूर्ण सोडलं की घट्ट बसते. दोन्ही अवस्थांत तिला काही होत नाही. पाय अर्ध्यात ठेवला की ती घासते. उंबऱ्यावर चप्पल घासत राहावी तशी, फक्त मिनिटाला हजारो वेळा. नीट वापरली तर ही प्लेट ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर सहज जाते. माझी पहिली शहाण्णव हजार गेली. भास्करभाऊंची पहिली सत्तावीस हजारांत संपली.

त्यांनी दोष कंपनीला दिला. "आजकाल कंपनीच माल कमजोर देऊन राह्यली," असं ते महिनाभर सांगत होते. मुन्ना मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, प्लेट, तिच्यावरची दाब देणारी प्लेट आणि बेअरिंग असं तिन्ही बदललं. पैसे देताना भास्करभाऊंनी मुन्नाला कंपनीच्या वतीने चार शब्द ऐकवले. मुन्नाने मान डोलावली.

आता ऋणाचं. माझी आई अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स येईना. भास्करभाऊ दुपारचं जेवण अर्धवट टाकून आले, पुढची सीट पूर्ण मागे पाडून तिच्यावर गादी अंथरली आणि आईला गोंदियाला नेलं. त्या रस्त्यावर तेव्हा खड्डेच जास्त होते. पण आई एकदाही कण्हली नाही. ते प्रत्येक खड्डा आधीच ओळखत, गाडी त्यात अलगद उतरवत आणि अलगद बाहेर काढत. संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. पेट्रोलचं विचारलं तर म्हणाले, "मुकुंदा, माय तुही का माही, येवढंही मले कळत नाई का?" कॉलनीतल्या निम्म्या घरांकडे त्यांची अशी एक तरी आठवण असेल. म्हणून तर हॉल भरला होता.

गाडीही त्यांनीच निम्म्या कॉलनीला शिकवली. एक पैसा घेतला नाही. पहिले दोन दिवस मैदानावर, तिसऱ्या दिवशी फाटकाचा चढ. मीही त्यांच्याकडेच शिकलो. पण मी चढावर हँडब्रेक ओढायचो. ते पाहून त्यांनी मला हँडब्रेकबाबू नाव ठेवलं आणि ते कॉलनीभर झालं. भाजीवालासुद्धा मला त्या नावाने ओळखायचा. माझी हरकत नव्हती.

सुनंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, वारासिवनीच्या रस्त्याला एका गावातल्या मिडल शाळेत गणित शिकवत. रोजचं जाणं-येणं सवारी जीपने, कधी आत दाटीत बसून, कधी मागच्या फळीवर लटकून. त्यांनी गाडी शिकावी हा हट्ट भास्करभाऊंचाच. न्यायाने हेही लिहायला हवं. वहिनींची पन्नाशी जवळ आली होती, त्या नको म्हणत होत्या. पण यांनी मागे लागून शिकवलं, लायसन्स काढून दिलं, आणि ज्या सकाळी वहिनी एकट्या गाडी घेऊन शाळेत गेल्या त्या सकाळी हे कॉलनीच्या फाटकात उभं राहून प्रत्येकाला सांगत होते, "माही बायको गाडी घेऊन गेली शाळेत."

वहिनी गणित शिकवत तशीच गाडी चालवत. एक पायरी सोडून दुसरीवर जायचं नाही. गिअर बदलला की डावा पाय उचलून बाजूला खाली ठेवायच्या. फाटकावर सपाटीला थांबायच्या. शाळेतल्या आणखी दोन बाईंना सोबत न्यायच्या. आमच्या घरी येऊन त्या माझ्या बायकोला रस्त्याच्या गमती सांगत. एकदा म्हणाल्या, इतकी वर्षं त्या रस्त्याने गेले, पण शेतं आत्ता पाहिली. जीपमध्ये नुसती लोकांची पाठ दिसायची.

एक्कावन्न हजारांवर दुसरा क्लच गेला.

या वेळी कंपनीचं नाव निघालं नाही. मुन्नाच्या दुकानासमोरच्या बाकावर चार-पाच जण बसलेले असताना भास्करभाऊंनी निदान करून टाकलं. "बाईमाणसाचा पाय जड असते. ठेवला की उचलतच नाई." सगळे हसले. मुन्ना गाडीखालून म्हणाला, "हाँ साहब, लेडीज लोग का ऐसा ही रहता है." वहिनी तिथेच उभ्या होत्या, शाळेची पिशवी हातात घेऊन. त्याही हसल्या. नवऱ्याने चारचौघांत केलेल्या थट्टेवर बायको हसते तसं.

मुन्नाला खरं कारण माहीत होतं. पुढे माझ्या गाडीची क्लचची केबल ताणायला मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आपणहून सांगितलं. भास्करभाऊंच्या गाडीतून निघालेली प्लेट त्याने पाहिली होती, रिबेटपर्यंत, म्हणजे आतल्या खिळ्यांपर्यंत घासलेली, आणि वरच्या लोखंडावर निळे डाग, ताप लागून पडलेले. गाडी उभी असताना घासल्याशिवाय असे डाग पडत नाहीत, म्हणाला. मग तसं सांगत का नाहीस, असं मी विचारलं. तो हसला. "भाई साहब, लांजेवार साहब पूरी कॉलनी को मेरे पास भेजते हैं. मैं काहे बोलूँ?"

थट्टा बाकावरून कॉलनीत आली. सकाळी वहिनी गाडी काढू लागल्या की कोणी तरी विचारायचं, वहिनी, क्लच घेतला का सोबत? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनीही विचारलं. वहिनी पहिल्या पहिल्यांदा उत्तरं द्यायच्या. नंतर नुसत्या हसायच्या. त्यानंतर त्यांनी एक गोष्ट सुरू केली. गाडीत बसल्या की चपला काढून शेजारच्या सीटखाली ठेवायच्या आणि अनवाणी गाडी चालवायच्या. जानेवारीच्या थंडीतही. पाय पेडलवर राहिला तर आपल्याला कळावं म्हणून. माझ्या बायकोने पाहिलं आणि मला सांगितलं.

एकदा त्यांच्या शाळेच्या गावाकडे माझं काम निघालं तेव्हा मी त्यांच्यासोबत गेलो. वारासिवनीच्या अलीकडे त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मुकुंदभाऊजी, खरं सांगजा. माहा पाय राह्यते का क्लचवर?"

मी सबंध रस्ता तेच पाहत होतो. सांगितलं, नाही राहत. मग फाटकाच्या चढाचं सांगितलं, मुन्ना काय म्हणाला तेही सांगितलं. मला वाटलं त्यांना हलकं वाटेल. त्यांनी गिअर बदलला आणि डावा पाय उचलून बाजूला ठेवला.

"तुम्ही नाई म्हणता," त्या म्हणाल्या. "हे हौ म्हणतात. मिस्त्री यांच्यासमोर हौ म्हणते. संगं येणाऱ्या बाईंनाही आता तसंच वाटते. मीच रोज पाय पाहत राहते, तं मलेही वाटाले लागलं."

त्या संध्याकाळी मी भास्करभाऊंना सरळ जाऊन सांगितलं. सत्तावीस हजार, एक्कावन्न हजार, माझे शहाण्णव. पहिल्या वेळी वहिनी गाडी चालवतही नव्हत्या, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "चाल."

मला गाडीत बसवून ते फाटकावर घेऊन गेले आणि तिथे मालगाडी येईपर्यंत वाट पाहायला लावली. ती आली तशी त्यांनी चढाच्या मध्यावर गाडी धरली. डबे संपत नव्हते. सुपारी कातरून झाली, मला देऊन झाली. गाडीभर वास भरला, डोळे चुरचुरायला लागले. मी काच खाली केली. शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं आणि गाडी नीट पुढे निघाली.

"झालं का काही?" त्यांनी विचारलं.

मी वासाचं विचारलं. ते म्हणाले रेल्वेच्या इंजिनाचा. इंजिन विजेचं होतं. मी तसं म्हटल्यावर ते खळखळून हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि परत येताना मला चौकात खोव्याची जलेबी खाऊ घातली. त्यांच्याशी भांडण करता येत नसे, हीच अडचण होती. माणूस चिडला तर त्याला काही पटवता येतं. जलेबी खाऊ घालणाऱ्याला काय पटवणार?

पण घरी त्यांनी एवढं केलं की गाडीची किल्ली पट्ट्यावरून काढणं बंद केलं. वहिनी पुन्हा सवारी जीपने जाऊ लागल्या. कोणी विचारलं तर हे सांगत, "गाडीले थोडा आराम."

त्याच सुमाराला वहिनींच्या बढतीचा आदेश आला. हेडमास्तरीण म्हणून, उकव्याच्या बाजूच्या एका शाळेत. ज्या दिवशी आदेश आला त्या दिवशी त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांनी आखलेल्या वेळापत्रकावर शिकवलं, म्हणाल्या. गणिताचा तास नेहमी जेवणानंतर. लांबून चालत येणारी मुलं तोवर पेंगतात आणि मग शिक्षक म्हणतात यांना गणित जमत नाही. गेल्या गेल्या पहिलं काम हेच करणार, गणित पहिल्या तासाला. दुसरं काय, तिसरं काय, हेही त्यांनी मनात लावून ठेवलं होतं. माझी बायको पोळ्या लाटायची थांबून ऐकत होती.

अडचण जाण्याचीच होती. पहिली बस प्रार्थना होऊन गेल्यावर पोचायची. हेडमास्तरीणच उशिरा आली तर बाकीच्यांना काय सांगणार? तिथे खोली घेऊन राहायचं तर भास्करभाऊंनी विचारलं, मी एकटा राहू? गाडीने जायचं तर वाटेत गांगुलपाऱ्याचा घाट.

"घाट हाय, जंगल हाय," ते आमच्या ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाले. "हिच्या पायानं तिथं क्लच बसला तं कोण येईल? वाघ ढकलंल का गाडी?"

लोक हसले. वाक्य चांगलंच होतं, आठवडाभर फिरलं. मी म्हटलं, गाडी गोंदियाला दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू, तो काय म्हणतो ते ऐकू. ते म्हणाले, मुन्ना काय मेला का? मी म्हटलं, तुम्ही आता रिटायर झालात, तुम्हीच सोडत जा. त्यावर ते पहिल्यांदा हसले नाहीत. "म्या बायकोचा डायव्हर होऊ?" एवढं म्हणून उठून गेले.

बढती नको असल्याचा अर्ज त्यांनीच सांगितला आणि वहिनींनी लिहिला. भास्करभाऊंचं हिंदी चांगलं होतं, सरकारी भाषा त्यांना तोंडपाठ होती. पारिवारिक कारणांमुळे पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ, अशा अर्थाचं. आम्हाला हे कळलं तोवर अर्ज पोचलाही होता. वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं, जाऊ दे, माझ्या पायाचा मलाच भरवसा राहिला नाही.

यानंतर तीन-चार महिन्यांनी कटंगीला एक लग्न होतं. दोन्ही घरांना आमंत्रण. भास्करभाऊ म्हणाले, एकाच गाडीत जाऊ. ते आणि मी पुढे, वहिनी आणि माझी बायको मागे. मधल्या महिन्यांत वहिनींनी त्या गाडीला हातही लावला नव्हता. किल्ली भास्करभाऊंच्या पट्ट्यावरून हललीच नव्हती.

वारासिवनी सोडल्यावर गाडी जड वाटायला लागली. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडायचं, पण वेग वाढायचा नाही. त्यांनी गिअर खाली घेतला, पुन्हा दिला. इंजिन आणखी ओरडलं. मग तो वास आला आणि गाडी एका धानाच्या बांधाशी हळूहळू थांबली. कटंगी अजून लांब होती. त्यांनी पेडल दोन-तीनदा दाबून सोडलं. ते सैल पडलं होतं. काटा त्र्याहत्तर हजारांवर होता. मी तो पाहिला आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं.

बाहेर धान कापून पडलेलं होतं. एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या माणसाने काय झालं म्हणून विचारलं. भास्करभाऊंनी हात हलवून त्याला जा म्हटलं.

मागून वहिनींनी विचारलं, "आता कोणाचा पाय होता?"

आवाज शांत होता. वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं की मुलाला विचारावं तसा. आत्ता ते कबूल करतील असं मला वाटलं. हसून का होईना, जलेबी खाऊ घालून का होईना, करतील. त्यांनी आरशात मागे पाहिलं नाही. फडकं घेऊन पुढची काच आतून पुसायला लागले.

"बाईच्या हाताखाली गाडी एकदा गेली ना," ते म्हणाले, "का तिची सवयच बिघडते. नंतर कोणीही चालवो."

माझी बायको खिडकीकडे वळली. वहिनींनी मला हाक मारली.

"मुकुंदभाऊजी, तुम्हाले नियम माहीत असतात. तो अर्ज वापस घेता येते का?"

मी कोषालयात, म्हणजे सरकारी ट्रेझरीत आहे, शिक्षकांच्या पगाराची कामं माझ्या हाताखालून जातात. ती जागा भरली गेल्याचं मी त्याच महिन्यात पाहिलं होतं. जिथे आकडा असतो तिथे मी आकडा सांगतो, जिथे नियम असतो तिथे नियम. खोटा दिलासा मला देता येत नाही.

"नाही येत, वहिनी," मी म्हटलं. "तिथे दुसऱ्या बाई रुजू झाल्या. नकार दिला की नाव मागे जातं. आणि तुमची नोकरी आता थोडी उरली."

"हौ," त्या म्हणाल्या. ट्रॅक्टरने गाडी ओढून वारासिवनीला आणली. लग्नाला आम्ही बसने गेलो आणि पंगत उठता उठता पोचलो. भास्करभाऊंनी तिथे सगळ्यांना रस्त्यातली गंमत सांगितली. त्यांच्या सांगण्यात क्लच नव्हता, ट्रॅक्टरवाला होता, आणि तो फार विनोदी झाला होता.

नवा क्लच बसला. किल्ली पट्ट्यावरच राहिली. वहिनींनीही परत मागितली नाही.

ते दोघं नागपूरला राहायला गेले, त्याआधी भास्करभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते वहिनींच्या निरोपसमारंभात. वहिनी त्याच गावच्या शाळेतून निवृत्त झाल्या. वर्गाच्या व्हरांड्यात मंडप, खुर्च्या, माईक. अध्यक्षस्थानी हेडमास्तरीण, वहिनींपेक्षा वयाने आणि नोकरीने लहान, त्यांच्याच हाताखाली एके काळी नवी लागलेली. त्या चांगलं बोलल्या. वहिनींना शाल आणि नारळ दिला. मग कोणी तरी म्हणालं, साहेबांनी दोन शब्द बोलावेत.

भास्करभाऊ उत्तम बोलले. वहिनींच्या जीपच्या खस्ता, पहाटेचे डबे, तपासलेल्या वह्या, सगळं सांगितलं. ऐकणाऱ्या बायकांनी डोळे पुसले. शेवटी म्हणाले, हिला हेडमास्तरीण होण्याची संधी आली होती, ऑर्डर घरी आली होती. पण हिने घर पाहिलं. मी म्हटलं जा, पण हिने घर पाहिलं. अशा बायका आता राहिल्या नाहीत. मंडपात टाळ्या पडल्या. मला वाटतं बोलताना त्यांचा त्यावर विश्वास होता. त्यांच्या आवाजात काही लबाडी नव्हती, खरोखर गहिवर होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्या नारळाची शेंडी बोटाने सरळ करत होत्या.

कार्यक्रम संपला. भास्करभाऊ घाईने पुढे गेले आणि गाडी शाळेच्या फाटकापर्यंत आणली. धुतलेली, पुसलेली, पुढच्या सीटवर नवा टॉवेल अंथरलेला. उतरून त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. मी जवळच होतो. वहिनी शिक्षिकांच्या घोळक्यातून आल्या, हार काढून हातात घेतलेला. फाटकाच्या पलीकडे बाकीच्या बायकांची सवारी जीप उभी होती. त्या तिकडे वळल्या.

"सुनंदा," भास्करभाऊंनी हाक मारली. "अगं, गाडी इकडं हाय."

वहिनी थांबल्या. गाडीकडे पाहिलं, अंथरलेल्या टॉवेलकडे पाहिलं.

"हौ, दिसली," त्या म्हणाल्या आणि जीपमध्ये चढल्या. एका बाईने सरकून त्यांना खिडकीशी जागा दिली. जीप सुरू झाली, धूळ उडाली, ती बालाघाटच्या रस्त्याला लागली.

भास्करभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "सोबतच्या बायका हायेत ना. आखरीचा दिवस. तिले त्याइच्यासंगंच जावं वाटलं असंल."

मी हो म्हटलं नाही. ते थोडा वेळ माझ्या होकाराची वाट पाहत राहिले. मग रस्त्याकडे पाहू लागले. दार त्यांनी अजून धरलेलंच होतं.